राजापूरचे दोन खासदार : संसदेचा अधिकार आणि त्याची अट

बॅ. नाथ पै यांच्या वक्तृत्वाचा गौरव पुष्कळ झाला; त्यांच्या युक्तिवादाची चिकित्सा मात्र त्या मानाने थोडी झाली. मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात आणि राजापूर लोकसभा मतदारसंघात होता. या मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ साली नाथ पैंना, तर १९७१ साली मधु दंडवते यांना निवडून दिले. संसदेचा अधिकार आणि कायद्याचे राज्य यांच्यातील ताण या दोन कारकिर्दींच्या सांध्यावर स्पष्ट दिसतो.

गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९६७ मध्ये, सहा विरुद्ध पाच अशा मताधिक्याने, मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा अधिकार संसदेला नाही असा निर्णय दिला. त्यावर घटनेतील कोणतीही तरतूद दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार पुनःस्थापित करणारे खासगी विधेयक नाथ पैंनी मांडले. लोकांची इच्छा लोकप्रतिनिधींमधून व्यक्त होते, ही त्यामागील श्रद्धा होती. विधेयक मंजूर होण्यापूर्वीच लोकसभा विसर्जित झाली आणि जानेवारी १९७१ मध्ये नाथ पैंचे निधन झाले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार प्रस्थापित केला. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने तो मान्य केला. परंतु घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा त्याला घातली.

या मर्यादेची कसोटी लवकरच लागली. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि दंडवते बंगळूरच्या तुरुंगात स्थानबद्ध झाले. विरोधी नेते असे गजाआड असताना संसदेने ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी दुरुस्ती संमत करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयीन तपासणीबाहेर नेली. संबंधित कलम नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले. तथापि त्याच न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये, एकट्या न्या. खन्ना यांचा अपवाद वगळता, स्थानबद्धांना दाद मागण्याचा मार्ग बंद केला.

तात्पर्य, संसद किंवा न्यायालय यांपैकी कोणतीही एक संस्था एकट्याने पुरेशी ठरली नाही. १९७७ साली निर्णय मतदारांनी दिला. राजापूरने दंडवत्यांनाच पुन्हा निवडले. पुढे जनता राजवटीत, दंडवते मंत्रिमंडळात असताना, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला. ही दुरुस्तीही संसदेनेच केली, हे विसरता येत नाही. नाथ पैंचा लोकांवरील विश्वास इतिहासाने खोटा ठरविला नाही. विरोधकाला सभागृहात बोलता आले पाहिजे, ही त्या विश्वासाने गृहीत धरलेली अट मात्र केवळ गृहीत धरून भागत नाही, एवढे त्याने दाखवून दिले.