बीडने मत कशासाठी दिले?

बीड जिल्ह्याच्या निवडणुकीवर बोलायला बसलेला प्रत्येक विश्लेषक पहिल्या पाच मिनिटांत जातींची आकडेमोड काढतो. मराठा इतके, वंजारी इतके, दलित-मुस्लीम इतके. बेरीज-वजाबाकी झाली की निकाल तयार. निकाल चुकला तर "शेवटच्या रात्री पैसा चालला" हे वाक्य राखून ठेवलेलेच असते. आमचा या पद्धतीलाच आक्षेप आहे. जात चालत नाही असे आम्ही म्हणणार नाही. जातीने काय होते हे गावकुसाबाहेर जन्मलेल्यांना कोणी शिकवायला नको. पण जात सांगितली म्हणजे मताचे कारण सांगितले असे होत नाही. त्या माणसाने त्या उमेदवाराकडे काय मागितले होते, आणि ते त्याला दुसरीकडे का मिळत नव्हते, हा खरा प्रश्न आहे. तो इतिहासात गेल्याशिवाय सुटत नाही.

1948 च्या 17 सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. बाबासाहेबांनी 1919 साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मत द्या असे सांगितले, 1932 चा पुणे करार झाला, 1937 मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाने निवडणूक लढवली. हे सगळे ब्रिटिश इलाख्यात चालले होते. आमच्याकडे जहागीरदार, देशमुख आणि पाटील यांच्या पलीकडे सरकार नावाची गोष्ट कोणी पाहिली नव्हती. मुंबई-नाशिकच्या महाराला मताबद्दल निदान ऐकून तरी ठाऊक होते. बीडच्या महार-मांगाच्या हातात मत आले ते थेट संविधानातून, 1952 च्या पहिल्या निवडणुकीत.

त्या पहिल्या मताचे त्याने काय केले? बीडमधून लोकसभेवर रामचंद्र गोविंद परांजपे निवडून गेले. पक्ष होता पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट. हैदराबाद संस्थानात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, म्हणून डाव्यांनी हे नाव घेतले होते. परांजपे हे आडनाव बीडमधल्या संख्येने मोठ्या अशा कोणत्याही जातीचे नाही. नेहरूंच्या नावाची लाट देशभर असताना या मागास जिल्ह्याने काँग्रेसला नाकारून कुळांच्या आणि शेतमजुरांच्या बाजूने बोलणाऱ्या आघाडीला मत दिले. जातीची टक्केवारी काढणाऱ्यांनी हा निकाल कोणत्या रकान्यात बसवायचा ते सांगावे.

ही एकदाच घडलेली गोष्ट असती तर आम्ही तिला योगायोग म्हटले असते. पण 1957 आणि 1962 काँग्रेसला दिल्यावर 1967 साली याच जिल्ह्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवले. नाना पाटील साताऱ्याचे. 1942 नंतरचे प्रतिसरकार त्यांचे, 1957 मध्ये ते सातारा मतदारसंघातून खासदार झालेले. बीडमध्ये त्यांचे ना नातेगोते, ना कारखाना, ना शिक्षणसंस्था. उभे राहिले भारतीय कम्युनिस्ट पक्षाकडून, आणि बीडच्या माणसाने परजिल्ह्यातल्या म्हाताऱ्या क्रांतिकारकाला आपला प्रतिनिधी केले. पुन्हा 1977 मध्ये आणीबाणीनंतर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधर आप्पा बुरांडे निवडून आले. त्या वर्षी महाराष्ट्रातून माकपचे तीनच खासदार गेले. मुंबईतून अहिल्या रांगणेकर, आदिवासी भागातून लहानू कोम आणि आमच्या बीडमधून बुरांडे. मुंबईत कामगार होता, डहाणूकडे वारल्यांचा लढा होता. बीडमध्ये काय होते? बीडमध्ये कोरडवाहू जमीन होती, दुष्काळ होता आणि जमीन नसलेला माणूस होता.

त्या माणसाची मागणी काय होती हे आम्हाला गृहीत धरावे लागत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 च्या 6 डिसेंबरपासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मराठवाड्यातल्या आमच्या आज्या-पणज्या कडेवर पोर घेऊन तुरुंगात गेल्या. मागणी साधी होती: पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावे करा. म्हणजे रस्त्यावर रिपब्लिकन निळा झेंडा आणि मतपेटीत कधी लाल, अशी ही दशके होती. दोन्हीकडे मागणी मात्र जमिनीचीच होती. तेव्हा उमेदवाराकडून अपेक्षा होती ती सभागृहात आपला प्रश्न मांडण्याची. उमेदवार आपल्या घरी जेवायला यावा, पोराच्या लग्नाला यावा, दवाखान्याचे बिल कमी करून द्यावे, ही अपेक्षा अजून जन्माला यायची होती.

मग ती जन्माला कशी आली?

आमच्या मते दोन गोष्टी घडल्या, आणि त्यातली पहिली आमच्या लोकांना जाळून गेली. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. 1977 मध्ये ज्या गरीब शेतकऱ्याने आणि भूमिहीनाने एकाच उमेदवाराला मत दिले होते, ते दोघे वर्षभरात एकमेकांसमोर उभे राहिले. नामांतर व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. या सोळा वर्षांत आमच्या वस्तीतल्या मताचा अर्थच बदलला. "जमीन कोण देईल" हा प्रश्न मागे पडला. "पोलीस ठाण्यात आपला फोन कोण उचलेल" हा पुढे आला. ज्याच्या घरावर रॉकेल पडले आहे तो माणूस जाहीरनामा वाचून मत देत नाही. आम्हाला याची लाज वाटत नाही. लाज ज्यांना वाटायला हवी ते निराळे आहेत.

इथे राखीव जागेचाही विषय निघतो. आमच्या जिल्ह्यात केज हा अनुसूचित जातींसाठी राखीव विधानसभा मतदारसंघ आहे. 1956 ला धम्म स्वीकारलेल्या माणसाला तिथे उभे राहता येत होते का? राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. ती मिळाली 1990 साली, विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारने कायदा बदलला तेव्हा. म्हणजे ज्याने बाबासाहेबांचे ऐकून बौद्ध लिहिले तो राखीव जागेला अपात्र, आणि ज्याने कागदावर हिंदू ठेवले तो पात्र, असे चौतीस वर्षे चालले. त्यात संयुक्त मतदारसंघ. राखीव जागेवर कोण जाणार हे आरक्षण नसलेली बहुसंख्या ठरवते. पुणे कराराबद्दल बाबासाहेब आयुष्यभर जे सांगत राहिले ते केजमध्ये दर पाच वर्षांनी डोळ्यांनी पाहायला मिळते. अशा आमदाराकडून आमच्या माणसाने काय अपेक्षा ठेवावी?

दुसरी गोष्ट उसाची. 1972 च्या दुष्काळानंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे जाणारी बीडची वाट दरवर्षी रुंद होत गेली. दसरा-दिवाळीला मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा एक कोयता धरून ऊस तोडायचा आणि उन्हाळ्यात परत यायचे. या माणसाचे सहा महिने गावात आणि सहा महिने फडात. त्याचा मालक कोण? कारखाना म्हणतो आम्ही नाही, मुकादम म्हणतो मी नाही. कामगार कायद्याच्या पुस्तकात तो सापडत नाही. अशा माणसाला त्याच्या नावाने भांडणारा नेता हवा होता आणि तो त्याला प्रथम बबनराव ढाकणे यांच्यात, मग गोपीनाथ मुंडे यांच्यात दिसला. 1989 मध्ये ढाकणे जनता दलाकडून बीडचे खासदार झाले. मुंडेंनी तोडणीच्या दरासाठी संप केले, आणि पुढे दर ठरवताना पवार आणि मुंडे यांचा लवाद हाच निर्णय देऊ लागला. आम्ही भाजपच्या विचारसरणीचे विरोधक आहोत आणि राहू. पण ऊसतोड कामगाराने मुंडेंना मत दिले ते केवळ वंजारी म्हणून दिले असे जे म्हणतात ते त्या कामगाराचा अपमान करतात. दर टनाला किती रुपये वाढले हे त्याला बोटावर मोजता येत होते. आमच्या बौद्ध आणि मातंग वस्त्यांतल्या कोयत्यांनाही तोच दर मिळाला.

गडबड पुढे झाली. मागणी संघटनेची होती, ती माणसाची झाली. कायदा व्हायला हवा होता, लवाद झाला. लवाद म्हणजे दोन मोठ्या माणसांचा शब्द. शब्द देणारा गेला की काय उरते? 3 जून 2014 ला मुंडेंचे निधन झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीने उमेदवार दिला नाही आणि प्रीतम मुंडे 6,96,321 मतांच्या फरकाने निवडून आल्या. ते शोकाचे मत होते, आणि शोक खरा होता. पण पाच वर्षांनी, 2019 मध्ये, गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडच्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, म्हणून पिशवीच काढून टाकलेली. विक्रमी मताधिक्याचा जिल्हा आणि हा आकडा एकाच नकाशावर आहेत. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला होता तो आमचे लोक जयंतीच्या भाषणात सांगतात. तो उसाच्या फडात जाऊन सांगायला हवा.

जाता जाता रेल्वेचे. अहमदनगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला. मग रजनी पाटील, जयसिंगराव गायकवाड (तेही आधी भाजपचे, मग राष्ट्रवादीचे), गोपीनाथ मुंडे, प्रीतम मुंडे, सगळ्यांच्या निवडणुकीत तीच रेल्वे धावली. बीड शहरात खरी गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. एका पिढीने रेल्वेसाठी मत दिले आणि दुसरीने ती पाहिली.

केशरबाई क्षीरसागरांचा उल्लेख न करता पुढे जाणे बरोबर नाही. 1980, 1984 आणि 1991 असे तीन वेळा त्या खासदार झाल्या. तेली समाजाची स्त्री, जिच्या जातीची मते हिशेबात धरण्याइतकीही नाहीत. हाही निकाल टक्केवारीवाल्यांच्या वहीत बसत नाही.

आता आमच्यावरच्या आरोपाकडे येऊ. "तुम्ही मते फोडता" हे वाक्य गेल्या दोन निवडणुकांत आमच्या वस्त्यांनी पोट भरून ऐकले. 2019 ला बीडमध्ये वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला 92,139 मते मिळाली. विजयाचा फरक होता 1,68,368. ती सगळी मते दुसऱ्या क्रमांकाला दिली असती तरी निकाल तोच लागला असता. 2024 ला बजरंग सोनवणे पंकजा मुंडे यांच्याविरुद्ध अवघ्या 6,553 मतांनी निवडून आले, आणि वंचितला पन्नास हजारांच्या आसपास मते होती. म्हणजे ज्याला आम्ही पाडणार असे सांगितले जात होते तो निवडून आला. मग फूट कोणाची झाली? हे गणित मांडून दाखवले की समोरचा गप्प होतो आणि पुढच्या निवडणुकीत तेच वाक्य घेऊन पुन्हा येतो.

"व्होट बँक" हा शब्दही असाच आमच्या माथी मारला गेला. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी तो 1955 मध्ये म्हैसूरच्या एका गावाबद्दल लिहिताना वापरला. त्यांचा रोख गावातल्या त्या बड्या माणसाकडे होता, जो आपल्या आश्रितांची मते एकगठ्ठा उमेदवाराला पोचवतो. आज शिवी मात्र आश्रिताला मिळते. 2024 मध्ये आमच्या लोकांनी एकगठ्ठा मत दिले असेल तर ते संविधान बदलाच्या भाषेविरुद्ध दिले. मराठा समाजाने आरक्षणासाठी एकत्र मत दिले तर तो आक्रोश, ओबीसींनी दिले तर ती अस्मिता, आणि आम्ही दिले तर ती बँक?

आज उमेदवार वस्तीत येतो तेव्हा काय मागितले जाते याची नोंद आम्ही कामानिमित्त फिरताना ठेवत आलो आहोत. सभामंडप, हायमास्ट, पेव्हर ब्लॉक, स्मशानाचा रस्ता. यातले बरेचसे दलित वस्ती विकासाच्या योजनेतून तसेही यायचे असते. आपल्याच निधीच्या दिव्याखाली आपण त्याचा सत्कार करतो. पण या यादीत शेवटी, बहुधा एखादी म्हातारी, हळू आवाजात गायरानाचे विचारतेच. 1964 ची मागणी मेलेली नाही. एकनाथ आवाडांनी आणि मानवी हक्क अभियानाने ती याच जिल्ह्यात गावोगाव जिवंत ठेवली. शासनाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरान अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले, पण पुरावा मागितला तो गाव नमुना 1-ई मधल्या नोंदीचा. ती नोंद करायची तलाठ्याने, आणि तलाठी बसणार पाटलाच्या ओसरीवर. पुढे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा गावाच्या सार्वजनिक जमिनींबाबतचा निकाल आला आणि तेव्हापासून नोटीस कधी येईल याचा नेम नाही. त्या जमिनीत दोन पिढ्या बाजरी आणि कापूस काढणाऱ्याच्या हातात एकच कागद असतो, दंडाची पावती. तो पिशवीतून काढून ती उमेदवारापुढे धरते आणि विचारते, साहेब, यावर नोंद होईल का. उमेदवार पावती स्वीय सहायकाकडे देतो. पुढच्या वस्तीची वेळ झालेली असते.