कुरणातल्या शाळेत एक सकाळ

चपला हातात घ्या. शेवगावच्या काळ्या रानातून चालायची तुम्हाला सवय आहे, पण ती माती पायाला धरून ठेवते. ही तांबडी माती पाय सोडते आणि तुम्हाला उतारावरून खाली धाडते. हे डहाणूजवळचं कोसबाड. महिना भाद्रपदाचा, साल १९६० च्या अलीकडचं किंवा पलीकडचं, नेमकं विचारू नका. सकाळचे आठच वाजलेत आणि तुमचा सदरा पाठीला चिकटलाय. ऊन नाही, पाऊस नाही, नुसती वाफ. वाऱ्यात खारटपणा आहे. कुडाच्या झोपड्यांच्या छपरातून धूर निघतोय, त्यात ओल्या लाकडाचा आणि सुकटीचा वास मिसळलाय. कोंबडा वेळ चुकवून आरवतोय.

वाटेत नगरला उतरायचं होतं खरं. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे ती. १९४० साली युद्धात इटली शत्रूपक्षाला मिळाली आणि मद्रासला शिक्षक तयार करायला आलेल्या मारिया मॉन्टेसरीबाईंच्या मुलाला, मारिओला, सरकारने उचलून नगरच्या छावणीत ठेवलं. बाई तिकडे अड्यारला, मुलगा इकडे तारेच्या कुंपणात. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्याला सोडलं. पण तिथे थांबलो असतो तर धुळीशिवाय तुम्हाला काय दिसलं असतं? मुलं इकडे आहेत. चला.

खिशात तो गुळगुळीत कागद आहे ना? नव्या शाळेची जाहिरात. गूगलचे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, ॲमेझॉनचे जेफ बेझोस, सगळे मॉन्टेसरीतले, प्रवेश सुरू. त्यात त्यांनी गार्सिया मार्केस घातला नाही याचं मला वाईट वाटतं. कोलंबियातल्या आराकाताका नावाच्या तापलेल्या, केळीच्या बागांच्या गावात तो मॉन्टेसरी शाळेतच वाचायला शिकला, पुढे १९८२ चं नोबेल मिळवलं आणि आत्मचरित्रात त्या शाळेचे मनापासून गोडवे गायले. असो. तुम्हाला बघायचंय ते हे की अशा शाळेतून निघालेलं पोर पुढे काय होतं. बघा मग. समोर वीसएक पोरं आहेत. निवडा कुणी गूगल काढणारं दिसतंय का.

नाही ना दिसत? तुम्हाला पाहून निम्मी पळाली. एक करवंदीच्या जाळीआड आहे, त्याचा एकच डोळा दिसतोय. तुम्ही पँट घातलीय, म्हणजे तुम्ही सावकाराचे किंवा जंगलखात्याचे. जरा मागे सरा आणि त्या पांढऱ्या साडीतल्या बाईंना पुढे येऊ द्या. त्या इथल्या शिक्षिका अनुताई वाघ. त्यांच्याकडे बघून जाळीआडचा दुसरा डोळाही बाहेर आला.

आता बाह्या वर करा. आंघोळीची पाळी आहे आणि हात कमी पडताहेत. विहिरीचं पाणी डोक्यावर पडलं की पोरगं जी किंकाळी फोडतं ती पार खालच्या पाड्यापर्यंत जाते. तुमच्या वाट्याला आलेली मुलगी चार वर्षांची असेल. केस चिकटून त्यांच्या जटा झाल्यात. खोबरेल चोपडा, बोटांनी गुंता सोडवा, मग फणी. ओढू नका! ओढलंत की ती चावते. तुमच्या आधीच्या पाहुण्याला विचारा. फणीतून काय निघतंय ते बघून तोंड वाकडं केलंत, ते तिने पाहिलं. आता तुमचं आणि तिचं जमायला दुपार उजाडणार. मग नखं, मग नाक. रोममध्ये मॉन्टेसरीबाईंनी मुलांना नाक शिंकरायचा रीतसर धडा दिला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इथे टाळ्या नाहीत, पण आरशाचा एक तुकडा हातोहात फिरतोय आणि जिच्या हातात जातो ती सोडत नाही.

बालवाडीच्या ओसरीवर मॉन्टेसरीचं साहित्य शोधताय? गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा, पितळी मुठीचे दट्टे? ती चैन इथे परवडायची नाही. त्या कोपऱ्यात बसलेल्या वयस्क बाई ताराबाई मोडक. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंबरोबर भावनगरचं बालमंदिर त्यांनी चालवलं, १९४५ मध्ये इथून जवळच बोर्डीला आल्या आणि मग मुलांच्या मागे डोंगर चढून कोसबाडला. मॉन्टेसरीचा विचार ठेवला, दुकानातल्या वस्तू बाजूला ठेवल्या. हात घाला त्या टोपलीत. शिंपले, चिंचोके, गुंजा, गोटे, ताडाच्या पानांचे तुकडे, चिकणमाती. लहानमोठं लावा, खरखरीत आणि गुळगुळीत वेगळं करा, डोळे मिटून ओळखा. तुम्ही डोळे मिटलेत आणि चिंचोका म्हणालात. सगळी ओसरी हसली. तो सागरगोटा होता.

तुमच्या जाहिरातीचं आता विचारू नका. ती केव्हाच पन्हाळीच्या पाण्यात होडी होऊन गेली. बेझोस पुढे होता, मग उलटला.

पण मोठी पोरं कुठायत? सात, आठ, दहा वर्षांची? ती गुरांमागे गेलीत. घरात खाणारी तोंडं आणि राखायची गुरं यांच्यात शाळा बसत नाही. म्हणून शाळाच उठून त्यांच्यामागे जाते. चला, तीही बघू. छत्री राहू द्या, कुरणात तिचा उपयोग नाही. गवत कमरेइतकं आहे आणि ते खालून भिजवतं. शेण, चिखल, चुरगळलेल्या पाल्याचा हिरवा वास. गोमाशा तुमच्या मानेवर येतात, म्हशीकडे जात नाहीत. बैलांच्या गळ्यातले लाकडी खुळखुळे वाजताहेत. एका झाडाखाली मास्तर, भोवती काठ्या टेकून पोरं. धडा अर्ध्यावर आलाय. चाळीस गुरांपैकी किती पाण्यावर गेली, किती उरली? पोरगा बोटं वापरत नाही, गोटे मांडतो. उत्तर आलंच होतं, तेवढ्यात एक कालवड कुणाच्या तरी भातात शिरली आणि अख्खा वर्ग हाळ्या देत उधळला. मास्तरही. तुम्हीही पळा! पाच मिनिटांनी सगळे धापा टाकत परत, आणि पोरगा पहिल्यांदा सांगतो काय, तर तेरा उरली. बरोबर आहे.

मुलींचं निराळं. त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं, आणि ते खाली ठेवल्याशिवाय पाटी हातात येत नाही. ताराबाईंनी त्यावर विकासवाडी काढली : एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. भावाला पाळण्यात घाल, बहिणीला ओसरीवर सोड, आणि तू वर्गात जा. इतकी साधी अक्कल सरकारी शाळेला का सुचत नव्हती, हा प्रश्न मला आजही पडतो.

आता कळ जरा पुढे दाबू, कारण तुम्हाला निकाल हवाय. दहा-बारा वर्षं गेली. पद्मभूषण १९६२ मध्ये ताराबाईंना मिळालं होतं, अनुताईंची पद्मश्री अजून यायची आहे. पोरांच्या गळ्यात कुणी काही घातलेलं नाही. पण हिवाळ्यात गवताचे भारे मुंबईला जायला निघतात तेव्हा मुकादमासमोर उभा तो तरुण बघा. मुकादम म्हणतो अमुक भारे झाले. तरुण म्हणतो, पुन्हा मोज. मुकादम चिडतो, शिवी देतो, आणि पुन्हा मोजतो. आणखी पुढे या. कोसबाडला बालसेविका तयार होताहेत. एकीच्या खांद्याला पिशवी, पिशवीत गोटे आणि शिंपले, आणि ती दारोदार हाका मारत पाड्यात शिरतेय. शाळेत न येणाऱ्यांच्या अंगणातच बसायचं, हे बोर्डीला सुरू झालं होतं. १९७५ पासून देशभर सरकारी योजना त्याच अंगणवाडीच्या नावाने चालते. आज अशी केंद्रं सुमारे १४ लाख आहेत, तुमच्या शेवगावातलीही त्यातच. जाहिरातीच्या कागदावर छापायला अंगणवाडीचं नाव कुणाला का आठवत नाही कोण जाणे.

झालं, आलो घरी. जमीन पुन्हा काळी, हवा कोरडी, पौषाची थंडी. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या घरघरताहेत, टेप मोठ्याने चालू आहे, डिझेल आणि उसाच्या पाचटाचा वास नाकात बसतोय. फडाशेजारी तोडणीवाल्यांच्या कोप्या. आईबाप अंधारातच कोयते घेऊन गेलेत. कोपीच्या दाराशी आठेक वर्षांची मुलगी, कडेवर भाऊ, नाक वाहतंय दोघांचंही. तुम्हाला काय करायचं ते माहीत आहे आता, हात भरलेच आहेत. बसा खाली. ढेकळं गोळा करा, गोटे नाहीत इथे. पोराला मांडीवर घ्या, तिचे हात मोकळे होऊ द्या. ट्रॉलीत किती मोळ्या चढल्या, मांडा.

ती तुमची रांग बघते. "एक चुकला की तुमचा," म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेते.