सोळाशे वांव खोलीवरची नोंद



बांधावरचे आंब्याचे झाड येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना दिसते. पण धरणासाठी जमीन संपादन करण्याची वेळ आली, की प्रश्न वेगळा निघतो. झाड पंचनाम्यात आहे का? उताऱ्यावर आहे का? नोंद असेल तर मोबदला मिळतो. नोंद नसेल तर झाड असून नसल्यासारखे. ही गोष्ट गावातल्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे, तोही एका नोंदीचाच इतिहास आहे. फरक इतकाच, की ही नोंद ज्याची झाली तो जीव समुद्राच्या तळाशी होता आणि नोंद करणाऱ्याने तो जिवंत असा कधी पाहिलाच नव्हता.

आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. शास्त्रात त्याला ॲसिडियन म्हणतात. मराठीत त्याला सर्वांच्या तोंडी असलेले नाव नाही. अंगावर दोन तोंडे असलेली चामड्याची लहानशी पिशवी डोळ्यांसमोर आणा. एका तोंडाने पाणी आत घ्यायचे, त्यातले सूक्ष्म अन्न गाळून घ्यायचे आणि दुसऱ्या तोंडाने पाणी बाहेर टाकायचे, हा तिचा जन्मभराचा उद्योग. जागा सोडायची नाही, खडकाला नाहीतर शिंपल्याला चिकटून राहायचे. हात लावला तर अंग आकसून ती पाण्याची चिळकांडी उडवते. म्हणून आपण तिला पिचकारी म्हटले तरी चालेल. या पिचकारीच्या अंगरख्यात सेल्युलोज असते, म्हणजे कापसाच्या तंतूत असतो तोच पदार्थ. प्राण्याच्या अंगावर झाडाचे वस्त्र! १८४५ साली कार्ल श्मिट या रसायनशास्त्रज्ञाने हे दाखवले, तेव्हा विद्वानांना मोठे नवल वाटले.

काही पिचकाऱ्या एकट्या राहतात, तर काही वसाहत करून राहतात. वसाहतीत पुष्कळ लहान जीव एकाच मऊ आवरणात शेजारी शेजारी रुतलेले असतात. बाहेरून पाहणाऱ्याला नुसता एक गोळा दिसतो. त्यामुळे घोटाळा फार झाला. एकट्या राहणाऱ्या पिचकारीचे वर्णन ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी केले होते. चामड्यासारखे कवच आणि दोन छिद्रे त्याने नेमकी टिपली होती. पण वसाहतीच्या गोळ्यांना प्रवाळांच्या जातभाईंत ढकलून लोक मोकळे झाले होते. हा गोंधळ सोडवला तो झ्यूल-सेझार साव्हिन्यी या फ्रेंच संशोधकाने. १७९८ साली नेपोलियनच्या इजिप्तच्या स्वारीबरोबर जे पंडित गेले, त्यांतला हा एक. त्याने ते गोळे भिंगाखाली उकलले आणि १८१६ साली जगाला दाखवून दिले, की या गोळ्यातला एकेक ठिपका म्हणजे घसा, जठर, आतडे सर्व असलेली पुरी पिचकारी आहे. पुढे बिचाऱ्याची दृष्टी गेली. उरलेली पुष्कळ वर्षे त्याने अंधाऱ्या खोलीत काढली. परंतु त्याने लावून दिलेली शिस्त टिकली. वसाहत बाहेरून पाहून निकाल द्यायचा नाही, आतला एकेक जीव उघडून पाहायचा!

पन्नास वर्षांनी, १८६६ साली, अलेक्सांडर कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. पिचकारीचे पिल्लू अंड्यातून निघते ते बेडकाच्या पिल्लासारखे, शेपटी हलवत पोहणारे. त्या शेपटीत एक लवचिक दोरी असते, तिला पृष्ठरज्जू म्हणतात. मासा, बेडूक, गाय, माणूस, सर्वांच्या गर्भात हीच दोरी प्रथम दिसते आणि पाठीचा कणा तिच्याभोवती घडतो. पिचकारी मोठी होते तेव्हा ही शेपटी जिरून जाते. म्हणजे ज्याला आजवर गोगलगाईचा भाऊबंद समजत होते, तो आपल्याच भावकीतला निघाला. डार्विनने १८७१ च्या आपल्या मानवविषयक ग्रंथात या शोधाची दखल घेतली. तेव्हापासून पिचकारीकडे पाहण्याची शास्त्रज्ञांची नजर बदलली.

आता खोल समुद्राकडे वळू. दोन्ही हात आडवे पसरले म्हणजे या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर होते, त्याला कोकणात वांव म्हणतात. इंग्रजांचा फॅदम तो हाच, साधारण सहा फुटांचा. एडवर्ड फोर्ब्झ या निसर्गशास्त्रज्ञाने १८४३ साली असे मत मांडले होते, की तीनशे वांवांच्या खाली जीवसृष्टी नसावी. तेथे उजेड नाही, थंडी भयंकर, वर पाण्याचा दाब. मग जगणार कोण? मत तर्काला धरून होते. पण समुद्रात जाळे टाकून ते तपासायला हवे होते.

ते काम प्रामुख्याने 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने केले. डिसेंबर १८७२ मध्ये पोर्टस्मथहून निघालेले हे जहाज मे १८७६ मध्ये परत आले. साडेतीन वर्षांत त्याने सुमारे ६९,००० सागरी मैलांचा प्रवास केला आणि ३६२ ठिकाणी थांबून समुद्राची मापे आणि नमुने घेतले. वायव्हिल थॉमसन हे शास्त्रज्ञांचे प्रमुख. काम कसे चाले? तागाच्या जाड दोराला लाकडी तुळईचे जाळे बांधायचे, मैलोगणती दोर सोडायचा, जहाज हळूहळू वाहू द्यायचे आणि वाफेच्या यंत्राने दोर वर ओढायचा. एका खेपेत दिवस सरायचा. कधी जाळ्यात नुसता चिखल येई, कधी दोरच तुटून जाई.

१८७३ च्या डिसेंबरअखेर हे जहाज केपटाउन मागे टाकून दक्षिण हिंदी महासागरात क्रोझे बेटांच्या दिशेने चालले होते. तेथे जाळे १६०० वांव खाली गेले. म्हणजे किती? सुमारे २९०० मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. तेथे एका कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले, तर वरच्याचा माथा पाण्याबाहेर साडेतीनशे-चारशे मीटरच डोकावेल. त्या खोलीवरून इतर जिवांबरोबर एका वसाहतवाल्या पिचकारीचा नमुना वर आला. त्याला चिठ्ठी लावून मद्यार्कात बुडवण्यात आले आणि जहाज पुढे गेले.

जहाज परतल्यावर प्रश्न आला तो वाटपाचा. नमुने कोणाला द्यायचे? थॉमसन यांनी ठरवले, की ज्या विषयात जो माणूस जाणता, त्याच्याकडे तो नमुना जाईल, मग तो कोणत्याही देशाचा असो. काही ब्रिटिश शास्त्रज्ञांना हे रुचले नाही. पैसा आपल्या सरकारचा आणि मान परक्यांना? परंतु थॉमसन मागे हटले नाहीत. १८८२ साली ते वारले आणि जॉन मरे यांनी काम तडीस नेले. १८८० ते १८९५ या काळात त्या अहवालाचे पन्नास खंड निघाले.

पिचकाऱ्यांचा वाटा आला विल्यम ॲबट हर्डमन यांच्याकडे. १८५८ साली एडिंबरोत जन्मलेला हा तरुण जहाज परतले तेव्हा अठराच्या आसपास होता. बोटीवर तो नव्हता. १८८१ साली तो लिव्हरपूलला प्राध्यापक झाला आणि बरण्यांतले हे जीव त्याने एकेक करून तपासले.

'नव्या जातीचे वर्णन करणे' म्हणजे काय, ते येथे नीट समजून घ्या. नाव ठेवले आणि झाले, असे ते काम नाही. मद्यार्कात रंग उडून जातो, अंग आकसते, म्हणून बाहेरच्या रूपावर विसंबता येत नाही. वसाहतीचे पातळ काप काढायचे. एकेक जीव सुईने अलग करायचा. तोंडाच्या कडेला पाळ्या किती, घशातल्या जाळीची रचना कशी, जठर गुळगुळीत की वळ्यांचे, अंडाशय कोठे, हे सर्व सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहायचे आणि चित्र काढायचे. मग आजवर वर्णन झालेल्या जवळच्या जाती एकामागून एक काढून पडताळायच्या. त्यांच्याहून हा वेगळा कशात, हे सांगता आले तरच तो नवा. शेवटी ते छापायचे आणि नमुना सांभाळून ठेवायचा, म्हणजे शंभर वर्षांनी कोणी शंका काढली तर साक्षीदार जागेवर हवा. चॅलेंजरचे नमुने लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहेत ते यासाठीच.

१६०० वांवांवरून आलेली ती वसाहत उघडली तेव्हा हर्डमन यांना विलक्षण गोष्ट दिसली. साध्या पिचकारीच्या घशाला बारीक फटींच्या ओळी असतात. फटींच्या कडेला सूक्ष्म केस असतात, ते हलले की पाण्याचा प्रवाह चालतो. या जिवाच्या घशात त्या बारीक फटीच नव्हत्या. नुसते मोठ्या डोळ्यांचे जाळे होते. पिठाच्या चाळणीच्या जागी रेतीची चाळण लावावी, तसे. १८८६ साली वसाहतवाल्या पिचकाऱ्यांवरील अहवालात त्यांनी त्याला नाव दिले 'फॅरिंगोडिक्टिऑन मिराबिले'. घशात जाळे असलेला, नवलाचा, असा त्याचा अर्थ. आणि मौज अशी, की 'कुलेओलस' या एकट्या राहणाऱ्या, अगदी वेगळ्या घराण्यातल्या खोल समुद्राच्या पिचकारीतही त्यांना अशीच मोकळी जाळी आढळली होती. दोन घराणी निराळी. पण अंधाराच्या मुलखात दोघांच्या घशात एकच बदल. खोलवर अन्न थोडे, तेही वरून झिरपत येणारे. तेथे शरीराची घडण कशी बदलते, हा विचार पुढच्या संशोधकांनी बराच पुढे नेला. त्याच वंशात नंतर आणखी जाती वर्णन झाल्या, आणि प्रत्येक वेळी लेखकाला हर्डमन यांचे १८८६ चे पान उघडावे लागले. नोंद पक्की असली म्हणजे असा उपयोग होतो.

हर्डमन यांचा आपल्याशीही संबंध आहे. सिंहलद्वीपाच्या मोत्यांच्या शिंपल्यांची पाहणी करण्यासाठी ते मन्नारच्या आखाताकडे आले होते. त्याचा अहवाल १९०३ ते १९०६ या वर्षांत निघाला. त्यांच्या नावाने १८८८ साली एका पिचकारीच्या वंशाला 'हर्डमानिया' हे नाव देण्यात आले होते. ती आपल्या समुद्रात मिळते. देवपूजेत जो शंख असतो, त्या शंखाच्या पाठीवर ती चिकटलेली सापडते. एस. एम. दास यांनी १९३६ साली तिच्यावर सविस्तर पुस्तक लिहिले. भारतातल्या कॉलेजांत प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या ती अभ्यासत आल्या.

तुम्ही म्हणाल, समुद्राच्या तळाशी कोणाच्या घशात फटी आहेत की नाहीत, याचे आम्हांला काय? सांगतो. महासागराच्या तळावर मँगेनीज, निकेल, कोबाल्ट, तांबे असलेले गोटे पसरलेले आहेत. याच चॅलेंजरनेही ते वर आणले होते. २००२ साली भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी मध्य हिंदी महासागरातल्या अशा गोट्यांच्या शोधाचा करार केला. आपल्याकडे राखलेले क्षेत्र ७५,००० चौरस किलोमीटर आहे. धातू देशाला हवेत, यात वाद नाही. पण उद्या तेथे यंत्रे उतरली, तर त्या तळावर कोण राहत होते हे कशावरून ठरणार? ज्याचे वर्णन झाले आहे त्याची गणती होईल, त्याच्यासाठी एखादा तुकडा राखून ठेवा असे कोणी म्हणू शकेल. ज्याचे वर्णन झाले नाही तो जीव गेला, तरी गेला असेसुद्धा म्हणता येणार नाही. पिचकाऱ्यांच्या सुमारे ३००० जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. खोल समुद्रातून अजून नव्या येतच आहेत, आणि त्यांचे काप काढून धीराने पाहणारी माणसे मात्र थोडी.

शिक्षकांना एक सुचवून थांबतो. मुलांना शाळेजवळच्या बांधावरची एखादी वनस्पती द्या आणि तिचे नाव न लिहिता तिचे वर्णन लिहायला सांगा. पाने समोरासमोर की एकाआड एक, देठ गोल की चौकोनी, फुलाला पाकळ्या किती. मग ते वर्णन दुसऱ्या मुलाच्या हाती देऊन तीच वनस्पती शोधून आणायला पाठवा. त्याला ती सापडली तर पहिल्याचे वर्णन खरे उतरले. सापडली नाही तर दोघांनी मिळून पुन्हा बांधावर जावे आणि काय लिहायचे राहिले ते पाहावे. हर्डमन यांनी केले ते काम याच जातीचे होते.