मीठ, साखर आणि पाणी

लहान मुलाला जुलाब व वांत्या सुरू झाल्या, कीं कांहीं तासांतच त्याचे डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते आणि रडतांना अश्रूहि येत नाहींत. त्याचा घात होतो तो मुख्यतः शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. ही गोष्ट आज साधी वाटते. पण तिच्यावरील उपाय घरोघर पोंचण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं.

१८३१ सालीं पटकीची सांथ इंग्लंडांत शिरली. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरानें रोग्यांचें रक्त तपासलें, तेव्हां त्यांत पाणी व क्षार यांची मोठी तूट आढळली. त्याचें अनुमान वाचून स्कॉटलंडमधील लीथ बंदरांत टॉमस लाटा यानें १८३२ च्या मे महिन्यांत क्षारयुक्त पाणी थेट शिरेंत सोडलें. पहिली रोगी एक मरणोन्मुख वृद्धा होती. अर्ध्या तासांत सहा पाइंट पाणी गेलें आणि तिच्या चेहऱ्यावर जीवकळा आली. मात्र डॉक्टर निघून गेल्यावर जुलाब पुन्हां सुरू झाले व ती दगावली. जितकें पाणी जातें, तितकें भरीत राहिलें पाहिजे, हा धडा त्यांत होता. पण सांथ ओसरली, लाटा १८३३ त वारला आणि ही विद्या मागें पडली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं लेनर्ड रॉजर्स यानें कलकत्त्यांत तिचें पुनरुज्जीवन केलें. पुढें १९३२ त सेंट लुईचा बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यानें रिंगरच्या द्रावांत लॅक्टेट मिसळलें, कारण जुलाबानें क्षीण झालेल्या बालकांच्या रक्तांत आम्लता वाढते. तो द्राव आजहि वापरांत आहे.

परंतु बाटली, सुई आणि कुशल हात खेड्यापाड्यांत कोठून आणावयाचे? तोंडानें दिलेलें नुसतें मिठाचें पाणी आंतड्यांत मुरत नसे. १९६० सालीं रॉबर्ट क्रेन यानें दाखविलें, कीं ग्लूकोज आपल्याबरोबर सोडियमला आंत घेऊन जातें, आणि पाणी त्यांच्यामागोमाग जातें. पटकींतहि ही वाट खुली राहते. १९६८ त ढाक्क्यांतील प्रयोगांनीं तें रोग्यांवर सिद्ध झालें.

खरी कसोटी १९७१ सालीं लागली. पूर्व बंगालमधील निर्वासितांचे लोंढे बनगांवला आले आणि पटकी भडकली. रोगी जमिनीवर पडलेले, शिरेंतून देण्याचें पाणी संपत आलेलें. अशा वेळीं बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनवीस यांनीं दर लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लूकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असें मिश्रण करविलें. तें पेल्यापेल्यानें पाजण्याचें काम आयांनीं व नातलगांनीं केलें. शेंकडा ३० च्या आसपास असलेलें मृत्यूंचें प्रमाण ३.६ वर आलें. महालनवीस २०२२ त वारले. २०२३ सालीं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें.

आजचें मिश्रण २००२ साली ठरलें. त्यांत लिटरमागें मीठ २.६ व ग्लूकोज १३.५ ग्रॅम असून पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेटहि असतें. मूल ग्लानींत असेल, त्याला पितां येत नसेल, तर मात्र शिरेचाच मार्ग धरावा लागतो व रुग्णालय गांठावें लागतें. पण बहुतेक बालकांना त्या दारापर्यंत जाण्याची पाळी येऊं न देणें एका आईच्या हातांतील पेल्याला साधतें.