कानारीं: एका भाषानामाचा इतिहास

भिन्न संस्कृतींचे दोन समाज एकत्र आले म्हणजे गैरसमजाचा आरंभ पुष्कळदा नावापासून होतो. गोव्याच्या भाषेचा इतिहास याचे बोलके उदाहरण होय. पश्चिम किनाऱ्याच्या या भागास पोर्तुगीज 'कानारा' म्हणून ओळखत. म्हणून तेथील लोक 'कानारीं' आणि त्यांची भाषाही 'कानारीं' ठरली. वस्तुतः ही भाषा आर्यकुलातील कोंकणी. द्राविडी कन्नडशी तिचे मूळ जुळत नाही. पुढे 'कानारीं' हा शब्द हेटाळणीचाही झाला.

परंतु परकीयांची दृष्टी सर्वत्र सारखी नव्हती. 1579 मध्ये गोव्यास आलेल्या इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांस येथील भाषांच्या रचनेत ग्रीक व लॅटिन यांच्याशी साम्य दिसले, आणि 1583 च्या पत्रात त्यांनी ते आपल्या भावास कळविले. धर्मांतरित लोक पुराणश्रवणास मुकले आहेत, हे ओळखून त्यांनी 'ख्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठीत रचले व त्यात लोकांना सुगम व्हावे म्हणून ब्राह्मणांच्या बोलीतील शब्द मिसळले. हा ग्रंथ 1616 मध्ये रोमन लिपीत छापला गेला. त्यांचे कोंकणी व्याकरण मृत्यूनंतर, 1640 मध्ये, रायतूर येथे प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातही 'कानारीं' हेच नाव आहे. अर्थात चुकीचे नाव आणि भाषेविषयी आदर ही दोन्ही एकत्र नांदू शकतात.

याच्या उलट, 1684 मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने लोकांनी तीन वर्षांत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. पाद्र्यांना लोकांची भाषा कळत नाही, ही अडचण लोकांनीच आपली भाषा टाकून दूर करावी, असा त्याचा रोख होता. स्टीफन्स यांनी तीच अडचण स्वतः भाषा शिकून सोडविली होती. एका व्यवहारात दुसऱ्याचे ऐकणे आहे, दुसऱ्यात केवळ स्वतःचे ऐकविणे.

हुकुमाने भाषा मेली नाही, परंतु तिच्याविषयी न्यूनभाव मात्र रुजला. 1858 मध्ये कुन्य रिव्हार या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच कोंकणी भाषेवर ऐतिहासिक निबंध लिहून तिची कैफियत मांडली, यावरून त्या उपेक्षेची खोली कळते. 1987 मध्ये कोंकणी गोव्याची राजभाषा झाली. भाषेस न्याय देण्याची पहिली पायरी म्हणजे ती बोलणाऱ्यांचे म्हणणे ऐकणे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.