गरिबी डोक्यात असते काय?

मानखुर्द स्टेशनबाहेर पुस्तकांचा ठेला दिसला की मी थांबतोच. परवा चीता कॅम्पचा एक पोरगा 'रिच डॅड पुअर डॅड' मराठीतून घेत होता. बारा तासांची ड्युटी करून आलेला. म्हणाला, "सर, गरिबी डोक्यात असते." वाचतोय हे चांगलंच. (माझ्याही कपाटात 'सायकॉलॉजी ऑफ मनी' आहे, आणि ते मला आवडलं.) पण १९७६ ला जनता कॉलनी उठवून ज्यांना इथं आणून टाकलं, त्यांची गरिबी डोक्यात होती काय?

पैशावरची पुस्तकं मराठीला नवी नाहीत. लोकहितवादींनी 'लक्ष्मीज्ञान' लिहिलं १८४९ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्याच सुमारास 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांची शतपत्रं येत होती. त्यांना छळणारा प्रश्न होता, देश दरिद्री का झाला?

आणि बाबासाहेब. चौकाचौकात त्यांचे बोर्ड लावतो आपण, पण 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' उघडलंय किती जणांनी? सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेनांकडून घेतलेले उसने, असं जुळवून ते १९२० ला पुन्हा लंडनला गेले. पुस्तक आलं १९२३ ला. प्रस्तावना प्रोफेसर कॅनन यांची, आणि तीही मतभेद नोंदवून!

विषय सोपा करून सांगतो. आपला रुपया चांदीचा, इंग्रजांचा पौंड सोन्याचा. १८७३ नंतर चांदी पडत गेली, आणि दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगावर आला. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, म्हणजे देशाचा फायदा, असं म्हणणारे तेव्हाही होते. बाबासाहेबांनी विचारलं, हा फायदा येतो कुठून? तो परदेशातून येत नाही. भाव चढतात तशी मजुरी चढत नाही, त्या फरकातून तो येतो. म्हणजे देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात.

आता त्या पोराचा ठरलेला पगार आणि त्याच्या घरचं तेल, गॅस, भाडं समोर ठेवून बघा.

हे मी त्याला ठेल्यावरच सांगितलं. त्यानं विचारलं, "हे पुस्तक कुठं मिळेल?" राज्य शासनाने १९८९ ला काढलेल्या इंग्रजी सहाव्या खंडात ते आहे. माझ्याकडे प्रत आहे. रविवारी संध्याकाळी तो येतोय, पहिलं प्रकरण मराठीत समजून घ्यायला. अजून कुणी येणार असेल तर मेसेज करा, चहा माझ्याकडून.