वशिला, शिफारस आणि आनंदीबाईंचा अर्ज

कणकवलीहून पुन्हा एकदा तुमच्या कानाशी. ज्यांची घाटात रेंज जाते, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमधून आला. पाठवणारी मुलगी आपल्याच तालुक्यातली. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपली, आता तिला अमेरिकेत रेसिडेन्सी करायची आहे. रेसिडेन्सी म्हणजे हॉस्पिटलात काम करत करत स्पेशालिस्ट व्हायचं प्रशिक्षण. त्या अर्जाला वरिष्ठ डॉक्टरांची शिफारसपत्रं लागतात. ती आपल्या एका सरांकडे गेली, तर सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." घरी सांगितलं तर आजी म्हणाली, "म्हणजे थंयपण वशिलो लागता तर!"

मुलीचा प्रश्न साधा आहे. "दादा, मी स्वतःच स्वतःचं कौतुक लिहायचं? आणि हा वशिलाच आहे ना?"

उत्तर द्यायला मला जवळजवळ दीडशे वर्षं मागे जावं लागणार आहे.

आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत. जन्म १८६५, कल्याण. पण त्यांची गोष्ट कुठून कशी सरकली ते बघा. ती सगळी पत्रांवरच चाललेली आहे. १८८० च्या सुमारास त्यांचे यजमान गोपाळराव पोस्टात नोकरीला. त्यांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. हे वाइल्डर पूर्वी बरीच वर्षं कोल्हापुरात होते, म्हणजे आपल्या भागाचे जाणकार. पत्रात काय, तर बायकोला शिकवायचंय आणि मला तिकडे काही काम मिळेल का. वाइल्डर यांचं उत्तर आलं, पण त्याचा भर होता धर्म बदलण्यावर. वर त्यांनी तो सगळा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला.

म्हणजे ज्याच्याकडे ओळख होती, वजन होतं, त्या माणसाकडून काम झालं नाही. का? तो कोल्हापूरला ओळखत होता, आनंदीला नाही.

आता पुढची गंमत. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या. हाताला लागलं ते मासिक चाळता चाळता त्यांनी ही पत्रं वाचली आणि सरळ आनंदीबाईंना लिहिलं. पुढं या दोघींची पत्रं चालू राहिली. आपल्याकडचे सणवार, आजारपणं, मनातली भीती, सगळं त्यात. १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, तेव्हा अमेरिकेत त्यांना ओळखणारं एक माणूस होतं. कार्पेंटर मावशींच्या हातात कुठलंच पद नव्हतं, पण मुलगी कशी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज गेला. त्यातलं आनंदीबाईंचं स्वतःचं पत्र आजही वाचायला मिळतं. त्यात स्वतःचा गाजावाजा नाही. माझं वय इतकं, शिक्षण इतकंच झालंय, घरच्यांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आलेय, आणि माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरचा हात लावून घेण्यापेक्षा मरण पत्करतात म्हणून मला हे शिकायचंय, असा त्याचा आशय. जे कमी आहे तेही सांगितलं. कॉलेजनं त्यांना घेतलं आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. वर्षही पुरतं झालं नाही तोवर, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्या गेल्या. अवघ्या एकविसाव्या वर्षी.

दुसरी गोष्ट रखमाबाईंची. लहानपणी लग्न लावलं म्हणून नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं कोर्टात ठणकावून सांगणाऱ्या या बाई. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची. पीचीबाईंनी स्वतः काय भोगलं होतं? १८७० मध्ये एडिंबरोत रसायनशास्त्राच्या परीक्षेत गुणांनी हक्काची झालेली शिष्यवृत्ती, केवळ बाई म्हणून त्यांना नाकारली गेली होती. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर व्हायला भरीला घातलं, पैसे उभे करायला मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं.

आता तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडे शिफारस हा शब्द एवढा बदनाम का? त्यालाही इतिहास आहे. ज्याची ओळख त्याचं भलं, हे आपण खूप बघितलंय. १९८६ मध्ये मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांवरून वाद झाला आणि कोर्टाच्या ताशेऱ्यांनंतर मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांना राजीनामा द्यावा लागला. एमडीच्या गुणांवरून मुख्यमंत्र्याची खुर्ची जाते, म्हणजे त्या जागांची किंमत किती असेल बघा! म्हणून आपण हळूहळू माणसाचं मत बाजूला ठेवलं आणि आकड्यावर विश्वास टाकला. आज नीट पीजीत तुमची रँक बोलते. तुम्ही पेशंटशी कसे वागता, रात्री तीनला बोलावलं तर कसे येता, हे तिथं कोणी विचारत नाही. पण कणकवलीच्या रिक्षावाल्याच्या मुलीलाही तिथं कुणाची चिठ्ठी लागत नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे.

अमेरिकेत दोन्ही चालतं, परीक्षा आणि पत्र. १९५२ पासून तिथं 'मॅच' नावाची पद्धत आहे. उमेदवार आणि हॉस्पिटल दोघंही आपापली पसंती लिहून देतात आणि जोड्या लागतात. २६ जानेवारी २०२२ पासून त्यांच्या पहिल्या मोठ्या परीक्षेत, स्टेप वनमध्ये, गुण देणं बंद झालं. आता फक्त पास किंवा नापास. मग दोन पास झालेल्यांत फरक कसा करायचा? साहजिकच पत्रांकडे जास्त लक्ष जायला लागलं. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रं जोडता येतात. पत्र लिहिणारा ते स्वतः अपलोड करतो आणि बहुतेक उमेदवार ते वाचायचा हक्क आपणहून सोडून देतात. कारण उमेदवाराच्या पाठीमागे लिहिलेल्या शब्दालाच वजन असतं.

पत्रंही निर्दोष नसतात बरं का. २००३ मध्ये दोन संशोधिकांनी अमेरिकेतल्या एका मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकपदांसाठी आलेली ३१२ शिफारसपत्रं तपासली. बायकांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीनं आखूड निघाली. आनंदीबाईंनंतर शंभराहून जास्त वर्षांनी!

तर आता तुझ्या प्रश्नाकडे येतो गो बाय. आजीला सांग, वशिला आणि शिफारस यांत फरक आहे. वशिला सांगतो, "हा आमचा माणूस." शिफारस सांगते, "हिचं काम मी बघितलंय." वशिल्याला पद लागतं, शिफारशीला डोळे लागतात. वाइल्डरकडे मासिक होतं, ओळखी होत्या. कार्पेंटर मावशींकडे तीन वर्षांची पत्रं होती.

म्हणून स्वतःचं पत्र स्वतः लिहून सहीला नेऊ नकोस. ते खोटं ठरतं ही एक गोष्ट झालीच. दुसरी अशी की तू कितीही छान लिहिलंस तरी ते तुझेच डोळे. त्यापेक्षा एका कागदावर मुद्दे काढ. कुठल्या वॉर्डात किती महिने होतीस, कुठला पेशंट तुम्ही दोघांनी मिळून सांभाळला, कुठं चुकलीस आणि सरांनी काय सुधारलं. तो कागद सरांना दे आणि म्हण, "सर, यातलं तुम्हाला जे आठवतं तेवढंच लिहा." नाही म्हणाले तर मोठ्या पदाच्या मागे न लागता, रात्रीच्या ड्युटीला तुझ्या शेजारी जी मॅडम उभी होती तिच्याकडे जा.

आणि एक, हे मात्र शिफारस नव्हे, गाऱ्हाणं समज. आपल्याकडे आजही केस जरा अवघड झाली की पहिला शब्द येतो, "बांबोळीक व्हरा." शंभरेक किलोमीटर, रात्रीचा हायवे, मांडीवर पेशंटचं डोकं. तू शिकून कुठं राहशील ते तुझं तू ठरव. पण आनंदीबाईंनी अर्जात लिहिलं होतं की कुणासाठी शिकायचंय. तुझ्या अर्जातही ती ओळ असू दे.

भेटू पुढच्या भागात. प्रश्न असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. आजीचापण चालतला!